पोटी

ग्रिम्झबीत, जुन्या कस्टम ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावर
दर मंगळवारी इंग्रजीचा वर्ग भरतो.
लिफ्टला पुठ्ठा लटकतोय: आउट ऑफ ऑर्डर.
ग्लेनिस बाई जिना चढून येतात,
खुर्चीत कोसळतात, छातीवर हात ठेवतात:
"आउट ऑफ ब्रेथ. घ्या लिहून."
झाला धडा सुरू.

बाईंनी चौतीस वर्षं मासे कापले,
आता वाक्यं कापतात.
मांस न फाटता काटा निघाला पाहिजे, म्हणतात.
फळ्यावर दोन शब्द, पुढे मोकळी रेघ.
रेघेवर काय ठेवाल
तसा त्या दोघांचा स्वभाव.

दूध ठेवा, दूध संपलं.
काम ठेवा, काम सुटलं.
खिडकी ठेवा, सिगारेटचा धूर गेला.
ओकचं लाकूड ठेवा, होडी झाली.
दया ठेवा,
घरमालकाने एक महिन्याचं भाडं सोडलं
(यावर शेवान खो खो हसला).
आणि गावाचं नाव ठेवा:
बाईंचा बाप ट्रॉलरवर होता, आउट ऑफ ग्रिम्झबी.
म्हणजे गाव सोडून गेला असं नाही,
म्हणजे तो इथला.
परत आला नाही ते खरं,
पण ते दुसरं वाक्य.

दाइव्हाने हात वर केला.
"हे नक्की काय आहे? संपणं की सुरू होणं?"
"दार आहे गं," बाई म्हणाल्या,
"दाराला काय विचारतेस?"

मी मागच्या बाकावर. चहाची किटली माझ्याकडे.
वहीच्या समासात आपलं आपलं जुळवत बसतो:
बाहेर. तून. पैकी. संपलं.
आउट ऑफ फिअरपाशी पेन अडतं,
मग उतरतं: भीतीपोटी.
गंमत आहे. हे लोक भीतीतून बाहेर पडून जे करतात
तेच आपण तिच्या पोटात शिरून करतो.

गृहपाठाची पाच वाक्यं. तेस्फालेम उभा राहतो,
शीतगृहातून थेट आलेला, अंगात अजून दोन स्वेटर.
आय ॲम आउट ऑफ ब्रेड. बरोबर.
आय ॲम आउट ऑफ शुगर. बरोबर.
आय ॲम आउट ऑफ मदर.

किटली उकळून आपणच बंद झाली.
लाल पेन हवेत.
"आई अशी संपत नाही, राजा," बाई म्हणाल्या,
"म्हणजे, व्याकरणात."
"फेब्रुवारीत संपली," तो म्हणाला. "फोनवर."

दारात नेव्ह स्टबली, कुलपं लावायला आलेला,
काखेत घोड्यांचा पेपर.
"चुकलं काय त्यात?" म्हणाला. "रोज छापून येतं."
आणि पान उघडून बोट ठेवलं:
तांबूस शिंगी, वय तीन,
बापाच्या नावाआधी नुसतं बाय,
आईच्या नावाआधी
आउट ऑफ.
"तुझ्या आईचं नाव काय रे?"
"लेतेब्रहान."
नेव्हने घसा खाकरला. शर्यतीच्या मैदानावर
भोंग्यातून पुकारतात तशा आवाजात,
एकेक अक्षर सांभाळत:
"तेस्फालेम! आउट ऑफ लेतेब्रहान!"

कुणीच हसलं नाही.
मग दाइव्हा हसली, मग तो स्वतः,
स्वेटरच्या बाहीने नाक पुसत.

मी समासात पाहिलं.
भीतीखाली जागा होती, तिथे लिहिलं:
लेतेब्रहानच्या पोटी.
शब्द तोच निघाला. मी शोधला नव्हता.

बाईंनी पेनाला टोपण घातलं.
जिन्यात दिवे विझवत नेव्ह पुढे,
मागे आम्ही, कठडा धरून.
दुसऱ्या मजल्यावर तेस्फालेम थांबला.
"ती शिंगी जिंकली का?"
"छे," अंधारातून नेव्ह.
"सातवी आली. आउट ऑफ एट."